पाय टेकत नसल्याचा पुरावा

कॅमेरा विकत घ्यायला निघालेला सरळमार्गी माणूस सोसायटीच्या तातडीच्या सभेत आरोपी म्हणून कसा काय उभा राहू शकतो, असं मला पूर्वी कुणी विचारलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आता मात्र खुशाल विचारा. मी तपशीलवार सांगू शकतो.

सुरुवात आमच्या हिच्यापासून झाली. हिने पन्नाशी उलटल्यावर पोहायला शिकायचं ठरवलं. ही शाळेत गणित शिकवते, त्यामुळे एकदा गणित हातात घेतलं की उत्तर आल्याशिवाय पेन खाली ठेवत नाही. वर्षभर रोज सकाळी बायकांच्या बॅचला जायची आणि ओले केस, लाल डोळे आणि अफाट भूक घेऊन परत यायची. माझं काही म्हणणं नव्हतं. सकाळचा चहा स्वतःचा स्वतः करून घ्यावा लागतो एवढंच, आणि ते मी दिवसातून एकदाच बोलून दाखवत असे.

म्हणणं होतं ते हिच्या थोरल्या बहिणीचं. ताईंचं. ताईंकडे एक गोष्ट आहे. ही पाच वर्षांची असताना कुठल्याशा तळ्याच्या काठावर घसरली आणि घोटाभर पाण्यात बसून ‘बुडाले, बुडाले’ म्हणून ओरडायला लागली, तेव्हा ताईंनी हिला वेणीला धरून बाहेर काढलं. गोष्ट एवढीच. पण ताई ती पंचेचाळीस वर्षं सांगत आहेत. आमचं लग्न ठरलं त्या दिवशी मला सांगितली आणि वर म्हणाल्या, “सांभाळा हो हिला. पाणी दिसलं की आधी हात धरा.” मी नवखा होतो. पुढे कित्येक महिने रस्त्यात डबकं आलं तरी हिचा हात धरायचो.

तर एका रविवारी हिने ताईंना फोन करून मोठ्या आनंदाने सांगितलं, की मला आता पाय टेकत नाहीत अशा पाण्यात पोहता येतं. पलीकडून ताई म्हणाल्या, “असं तुला वाटत असेल, छोटे. अगं, बाहेरून बघणाऱ्याला माणूस पोहतोय की चालतोय ते कळतं का? वरून हात मारायचे आणि खालून आपलं पायांनी चालायचं. असे पुष्कळ बघितलेत मी.” ताईंचा आवाज असा आहे की फोन कानाला लावावा लागत नाही. मी स्वयंपाकघरात होतो, तिथे मला सगळं ऐकू आलं.

फोन ठेवून ही स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, “पुढच्या महिन्यात आपण चौघं त्या बेटावर जाणार आहोत ना? तिथे मला एक फोटो हवाय. पाण्याखालून काढलेला. माझे पाय दिसले पाहिजेत आणि खालची जमीन पायांपासून किती लांब आहे तेही दिसलं पाहिजे.”

“फोटो कशाला? ताई असतीलच की तिथे. दाखव पोहून.”

“ताई समुद्राकडे पाठ करून बसते. पाण्याकडे बघितलं की तिला गरगरतं. आणि बघितलं तरी म्हणेल, चालत होतीस.” ती पुढे म्हणाली, “अहो, मी वर्षभर नाकातोंडात पाणी घेतलंय. त्या गोष्टीला मला एकदा उत्तर द्यायचंय. आणि तोंडाने नाही द्यायचं.”

मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. आमच्याकडे लोक येऊन रडत सांगतात, दुकान जळालं हो. आम्ही त्यांना प्रेमाने बसवतो, पाणी देतो आणि म्हणतो, राख आणलीत का? पुरावा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी हिला म्हणालो, “झालं समज.” माझ्या आयुष्यातले बरेच घोटाळे याच दोन शब्दांनी सुरू झालेत.

आधी मी घरगुती उपाय करून पाहिला. पारदर्शक पिशवीत फोन घालून बादलीत बुडवला आणि पाण्याखाली पेला ठेवून त्याचा फोटो काढला. फोटो पिशवीचा आला. मग रीतसर कॅमेराच घ्यायचा ठरलं, आणि तिथे माझ्या साडूंचा संबंध आला.

साडू हे नातं मोठं विचित्र आहे. एकाच घरातल्या दोन मुलींशी लग्न केल्याबद्दल दोन परक्या माणसांना जन्मभर एकमेकांच्या शेजारी उभं करतात आणि ‘हसा’ म्हणतात. आमच्या साडूभाऊंना फोटोग्राफीचा नाद आहे. गळ्यात भलामोठा कॅमेरा असतो आणि बोलण्यात त्याहून मोठा. साडूभाऊ मला पाण्यात पाहतात हे दोन्ही घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. आता मी पाण्यात पाहणारा कॅमेराच आणणार म्हटल्यावर त्यांना ते सोसणार कसं?

“घ्या की वॉटरप्रूफ,” ते फोनवर म्हणाले. “पण मॅन्युअल बघून घ्या हं. मॅन्युअल नसेल तर तो कॅमेरा नव्हे, खेळणं. पाण्याखाली सगळं निळं येतं. बायको निळी आली तर मग माझ्याकडे येऊ नका.”

“मॅन्युअल नसेल तर मी वस्तूला हातही लावत नाही,” मी म्हणालो.

मॅन्युअल म्हणजे नेमकं काय, हे तेव्हाच विचारलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण साडूला विचारायचं? त्यापेक्षा मी निळ्या बायकोबरोबर संसार केला असता.

मग मी चांगला आठवडाभर माहिती काढली. तुम्हाला म्हणून सांगतो, कॅमेऱ्यांच्या दुनियेत फार मोठा अन्याय चालू आहे. जो पाण्यात जातो त्याला एकच बटण असतं. ज्याला पुष्कळ बटणं आणि फिरवायच्या चकत्या असतात तो दवालासुद्धा घाबरतो. आणि दोन्ही गुण असलेला जो असतो तो जेवणाच्या डब्याएवढा असतो. हिची अट तर साफ होती. “खिशात मावला पाहिजे. गळ्यात धोंडा बांधून मी समुद्रात उतरणार नाही.” अट रास्तच होती.

शेवटी मी ऑफिसातून लवकर निघून बाजारातल्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने काचेखालून एक लालचुटुक, आटोपशीर कॅमेरा काढून माझ्या हातावर ठेवला. खिशात घालून पाहिला, मावला. दहा मीटर पाण्यापर्यंत चालतो असं खोक्यावर लिहिलेलं होतं. मी दावे विभागातला आवाज काढला.

“ह्याला मॅन्युअल आहे का?”

“आहे तर!”

“पूर्ण मॅन्युअल?”

“अर्धं कशाला देईल हो कंपनी? पूर्ण आहे. चांगलं जाडजूड.”

जाडजूड हा शब्द मला जरा खटकला, पण प्रत्येक धंद्याची आपली भाषा असते. मी विचारलं, “समजायला अवघड नाही ना?”

“छे! चित्रं आहेत की.”

“आणि पाण्याखालीही चालेल?”

“पाण्यात नका नेऊ,” तो दचकून म्हणाला. “मॅन्युअल घरीच ठेवा. पाण्यात फक्त कॅमेरा न्यायचा.”

म्हणजे सगळं घरीच जुळवून मग पाण्यात उतरायचं, असा मी अर्थ घेतला. जाणकार माणसं तसंच करत असणार. मी समजुतीने मान हलवली, त्यानेही हलवली आणि आम्ही दोघंही समाधानाने एकमेकांपासून दूर झालो.

त्याच संध्याकाळी साडूभाऊ मुद्दाम वाट वाकडी करून आले. कॅमेरा हातात घेऊन त्यांनी उलटा केला, सुलटा केला आणि एकुलतं एक बटण दाबलं. पडद्यावर माशाचं चित्र उमटलं आणि गेलं.

“मॅन्युअल कुठाय?”

“आतच आहे,” मी म्हणालो. “पूर्ण आहे. मी विचारून घेतलंय.”

असं म्हणून मी खोकं पालथं केलं, आणि आतून ते पडलं. पुस्तक. जाडजूड, चित्रांसकट, पुष्कळ भाषांत, फक्त आपली सोडून. साडूभाऊंनी त्या पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जे हसायला लागले, ते हसता हसता खुर्ची शोधायला लागले. हिने त्यांना खुर्ची दिली. ते दुःख मला साडूच्या हसण्यापेक्षाही जास्त झालं.

मॅन्युअल म्हणजे चकत्या फिरवून उजेड, रंग हाताने जुळवायची सोय, एवढं साडूभाऊंकडून ऐकून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दुकानात हजर. तिथे वस्तू बदलून देण्याची खिडकी वेगळी आहे आणि त्या खिडकीमागचा माणूस आमच्याच ऑफिसात घडवल्यासारखा होता.

“दोष काय आहे?” त्याने विचारलं.

“दोष नाही. मॅन्युअल नाही.”

“हरवलं?”

“नाही, हे काय, आहे की.”

“मग?”

“हे मॅन्युअल नको. मला दुसरं मॅन्युअल पाहिजे.”

तो शांतपणे उठला, आत गेला आणि आणखी एक पुस्तक घेऊन आला. म्हणजे आता माझ्याकडे दोन मॅन्युअलं झाली आणि मॅन्युअल शून्य. माझा आवाज चढला. मागची रांग पुढे सरकली. एक बाई म्हणाल्या, दोन दोन घेतायत आणि भांडतायत वर. शेवटी दुकानाचा मालक आला. मी त्याला हवेत अदृश्य चकत्या फिरवून दाखवल्या, तेव्हा त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

“म्हणजे तुम्हाला हाताने लावायचा कॅमेरा पाहिजे! मग तसं बोला की हो.”

त्याने दुसरा कॅमेरा काढला. काळा, कडेला फिरणारी चकती, पाण्यात चालणारा आणि खिशात मावणारा. खिसा जरा फाटला, पण मावला. पुस्तक मी तिथेच ठेवून आलो. स्वाभिमान नावाची काही गोष्ट असते की नाही? ह्या कॅमेऱ्याला पुस्तकाची खरी गरज होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

आता कॅमेरा पाण्यात तपासून घेणं आलं. मी हिच्या तलावावर गेलो. तिथला कारकून म्हणाला, आत कॅमेरा न्यायला मनाई आहे. मी म्हटलं, लोकांचे फोटो काढायचे नाहीत, फक्त पाण्यात बुडवून काढायचाय. त्यावर तो म्हणाला, पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला आधी अंघोळ आणि डोक्याला टोपी सक्तीची आहे. मी हसलो. तो हसला नाही. कॅमेऱ्याला डोकं नसतं, असं मी म्हणालो. ते वरच्या ऑफिसने ठरवायचं, असं तो म्हणाला. मी परत फिरलो.

सोसायटीच्या फाटकाशी आमचे प्रेशरकाका भेटले. प्रेशरकाका तळमजल्यावर राहतात. पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले, पण पाण्याचा दाब अजून डोक्यातून उतरलेला नाही. मी बादलीत तपासून बघतो म्हटल्यावर ते कळवळले.

“बादली? अहो, बादलीत काय दाब असतो? खोक्यावर दहा मीटर लिहिलंय ना? वरची टाकी कशाला आहे? दहा नाही, पण माणूसभर खोली तर मिळेल!”

रविवारी सकाळी आम्ही दोघं गच्चीवर चढलो. कपडे वाळत घालायच्या दोरीला कॅमेरा बांधला, व्हिडिओ चालू केला आणि टाकीचं झाकण उघडून आत सोडला. दोरी काकांच्या हातात, सूचनाही काकांच्याच. ते टाकीत डोकं घालून जोरजोरात बोलत होते आणि त्यांचा आवाज घुमून दुप्पट होत होता. “हां, आता डावीकडे! चौथ्या मजल्याचा पाइप आला का दिसायला? तिथून खाली बघू या काय दिसतं!”

चौथ्या मजल्यावरच्या बाई त्याच वेळी गच्चीत चादर वाळत घालत होत्या, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

तासाभरात अख्ख्या इमारतीत झालं की टाकीतून पाइपात कॅमेरे सोडलेत आणि ते प्रत्येकाच्या बाथरूममध्ये निघतात. कुणी शॉवरला मोजे घातले, कुणी नळाला फडकी बांधली. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ साबण लावलेल्या अवस्थेत अंघोळ अर्धवट टाकून बाहेर आले म्हणतात. दुपारी तातडीची सभा बोलावली गेली. सेक्रेटरी मधल्या खुर्चीवर बसले आणि मला समोर उभं केलं.

“आपण टाकीत कॅमेरा सोडलात हे खरं?”

“वॉटरप्रूफ आहे की नाही ते बघायला.”

“बघितलंत?”

“हो.”

“आणखी काय काय बघितलंत?”

चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी आशेने प्रेशरकाकांकडे पाहिलं. काका उठून म्हणाले, “मी फक्त दोरी धरली होती,” आणि बसले.

आयुष्यभर दुसऱ्यांकडे पुरावा मागितला, आता तो द्यायचा दिवस माझ्यावर आला होता. मी म्हणालो, व्हिडिओ सगळ्यांना दाखवतो. सोसायटीच्या ऑफिसात टीव्ही होता. त्यावर सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. बाथरूम कुणाचंच नव्हतं. होता तो टाकीचा तळ. त्यावर बोटभर गाळ, एक चप्पल, एक प्लॅस्टिकचा चेंडू आणि ज्याच्याबद्दल न बोललेलं बरं असं काहीतरी पिसांचं. हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडून सेक्रेटरींकडे वळल्या, कारण टाकी नुकतीच घासूनपुसून साफ केल्याची सूचना त्यांच्याच सहीने जिन्यात लावलेली होती.

माझी निर्दोष सुटका झाली. टाकी त्याच दिवशी रिकामी करायला घेतली आणि दोन दिवस कुणालाच पाणी मिळालं नाही. सेक्रेटरींना कुणी काही बोललं नाही. बादल्या घेऊन जिना चढणारा प्रत्येक जण आमच्या दारासमोर थांबून, “घ्या आणखी फोटो,” असं मात्र म्हणून जायचा.

सभेच्या दिवशी संध्याकाळी ही माझ्याशेजारी येऊन बसली. मला वाटलं, आता माझी हजेरी घेतली जाणार. पण ती हळूच म्हणाली, “अहो, जमेल ना तुम्हाला? नसेल जमत तर आत्ताच सांगा. मी रागावणार नाही. मग मी तिथे पाण्यात उतरतच नाही. उतरायचं, आणि पुन्हा तेच ऐकायचं, ते मला नाही व्हायचं.”

“न जमायला काय झालं?” मी म्हणालो. “आता तर मॅन्युअल आहे.” मनातून मात्र मी धास्तावलो होतो. त्या चकतीवरच्या अक्षरांपैकी एकाचाही अर्थ मला अजून लागलेला नव्हता.

बेटावर पोचलो. पाणी स्वच्छ, निवांत आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त होतं. किनाऱ्यापासून आत गेलेला एक लाकडी धक्का होता आणि त्याच्या टोकाला पाण्यात उतरणारी शिडी. ताईंनी धक्क्यावर खुर्ची मागवून घेतली आणि समुद्राकडे पाठ करून बसल्या. साडूभाऊ आपला कॅमेरा खारी हवा लागू नये म्हणून पिशवीत गुंडाळून सल्ला द्यायला मोकळे झाले. मला पोहता येत नाही. त्यामुळे तिथल्या जीवरक्षकाने मला केशरी जाकीट चढवलं. जाकीट घातलेल्या माणसाचं डोकं पाण्याखाली जात नाही, आणि मला ते न्यायचंही नव्हतं. एका हाताने शिडी धरायची आणि दुसऱ्या हाताने कॅमेरा पाण्याखाली धरायचा, असा माझा बेत होता. कॅमेऱ्याची चकती दोन हातांशिवाय फिरत नाही, हे मला छातीभर पाण्यात उभं राहिल्यावर समजलं.

ही अलगद पाण्यात शिरली आणि बघता बघता लांब गेली. तिथून ओरडली, “काढा!”

“थांब, पांढरा रंग जुळवतोय!”

“शटर वाढवा!” वरून साडूभाऊ.

“वाढवलं!”

“मग छिद्र बारीक करा!”

“कसलं छिद्र?” ताई पाठमोऱ्याच किंचाळल्या. “बोटीला का? सांगत होते मी, बोटीने नको म्हणून!”

छिद्र कॅमेऱ्याच्या भिंगाचं, हे ताईंना समजावण्यात पाच मिनिटं गेली. तोवर ही तिथल्या तिथे पाय मारत होती. मी कॅमेरा खाली धरून अंदाजाने बटण दाबलं, चकती फिरवून पुन्हा दाबलं. साडूभाऊ सांगायचे त्याच्या उलटही करून पाहिलं. शेवटी ती दमून शिडीपाशी आली आणि फोटो बघायला लागली.

“ह्यात मी कुठे आहे?”

“ही काय, कोपऱ्यात.”

“ती शिडी आहे.”

“मग ह्यात?”

“ते तुमचे पाय. पायरीवर टेकलेले.” ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही. “राहू द्या हो. चला वर. ताईला भूक लागली असेल.”

मला फार वाईट वाटलं. इतकं वाईट की मी म्हणालो, एकदाच, शेवटचं, आणि मनगटातली कॅमेऱ्याची दोरी काढून दोन्ही हातांनी ती चकती करकचून फिरवली. कॅमेरा कसलासा चळ लागल्यागत आपला आपणच खटाखट फोटो काढायला लागला. मी तो थांबवायला गेलो, माझा पाय पायरीवरून निसटला आणि मी जिवाच्या आकांताने शिडी पकडली. दोन्ही हातांनी.

वॉटरप्रूफ वस्तू तरंगते अशी माझी समजूत होती. इतकी वर्षं दावे विभागात काढली, पण हे बारीक अक्षर मी कधी वाचलं नव्हतं. वॉटरप्रूफ वस्तू बुडाल्यावर खराब होत नाही एवढंच. बुडते मात्र व्यवस्थित. तो काळा ठिपका लहान लहान होत गेला आणि दिसेनासा झाला.

“जाऊ दे गं,” मी म्हणालो. “दुसरा घेऊ.”

पण मी हे कुणाला सांगत होतो? माझ्या शेजारचं पाणी हललं होतं आणि ही तिथे नव्हती. ती बुडी मारायला शिकलेली नव्हती. तलावात त्यांना वरवरच पोहायला शिकवतात. मी पाण्याकडे बघत राहिलो. हिला काही झालं तर ते एका चकतीपायी आणि माझ्या साडूसमोरच्या ऐटीपायी, एवढा एकच विचार डोक्यात होता. जीवरक्षक पळत येताना दिसला.

“काय झालं?” ताईंचा आवाज आला. “सगळे गप्प का? छोटी कुठाय?”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ताई वळल्या होत्या. त्यांनी रिकामं पाणी बघितलं, तशाच धक्क्याच्या कडेपाशी येऊन गुडघ्यांवर बसल्या आणि ओरडायला लागल्या, “छोटे! अगं वर ये! वर ये गं, वर ये!”

आणि ती आली. आधी कॅमेरा धरलेला हात, मग डोकं. खोकत होती, नाकातून पाणी येत होतं आणि हातातला कॅमेरा अजून खटाखट वाजत होता. ताईंनी तिला दंडाला धरून वर ओढलं. जीवरक्षकाने तिच्याकडे पाहून घेतलं, तो कॅमेरा बंद केला आणि माझ्या हातात दिला. चकतीच्या मधोमध दाबायचं असतं म्हणे.

सगळे जण धक्क्यावर ओले, कोरडे, जसे होते तसे बसले आणि मी आतले फोटो एकेक पुढे सरकवू लागलो. कॅमेरा तळाला उताणा पडला होता. धक्क्याचे खांब वर वर गेलेले. एक केशरी जाकीट आणि त्याखाली पायरी शोधणारे दोन पाय. मग उजेडात एक डाग. मग तो डाग मोठा. मग ही. हात पुढे केलेले, गाल फुगलेले, डोळे टक्क उघडे, सरळ खाली येत असलेली. पाय तिच्या मागे, वर उजेडात, आणि त्यांच्याखाली दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं पाणी.

“रंग निळाच आलाय,” साडूभाऊ म्हणाले, पण अगदी हळू.

ताईंनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला आणि कितीतरी वेळ त्या त्याच एका फोटोकडे बघत राहिल्या.

“पाय टेकत नाहीत, ताई,” ही म्हणाली.

“एवढ्याशा फोटोत मला काही कळत नाही,” ताई म्हणाल्या.

हिचा चेहरा उतरला. मला तर ताईंचा इतका संताप आला, की कॅमेरा हिसकावून घेऊन चार शब्द सुनवावेत असं वाटलं. पण ताई उठल्या होत्या. त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली, समुद्राकडे तोंड करून ठेवली आणि खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून तिच्यात बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. गरगरत असणार.

“पुन्हा जा,” त्या म्हणाल्या. “मी बघते.”

ही शिडीवरून पाण्यात उतरली. मी घाईघाईने कॅमेरा डोळ्यांपुढे धरला आणि चकतीला हात घातला.

“ठेवा हो तो खाली,” ताई म्हणाल्या. “बघू द्या आधी.”

मी ठेवला. ही लांब गेली, मग आणखी लांब गेली. तिचं डोकं पाण्याखाली गेलं की ताई श्वास रोखायच्या आणि वर आलं की सोडायच्या. वर्षभर ती रोज सकाळी पोहायला जात होती आणि आज सकाळपासून मी नुसता त्या पडद्यात डोकं घालून होतो. तिला पोहताना मी पहिल्यांदाच बघत होतो. चांगली पोहते हो ही.